इंग्रजीतली जादा पदं

कात्रीसाहेबांनी इंग्रजी भाषेत कपात करायचं ठरवलं, त्या संध्याकाळी घरात तसं काही वावगं दिसत नव्हतं. चहा वेळेवर झाला होता, पंखा कुरकुर न करता फिरत होता आणि त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू, जेवणाच्या टेबलाशी बसून पुटपुटत होत्या, "द हाउस बर्न्ड डाउन. द हाउस बर्न्ड अप."

"कुणाचं घर जळालं?" कात्रीसाहेबांनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं.

"कुणाचं नाही हो. धडा आहे. घर जळून खाक झालं असं सांगायचं असेल तर बर्न्ड डाउन म्हणायचं."

"आणि अप?"

"अप म्हटलं तरी तेच."

वर्तमानपत्र सावकाश खाली आलं. "म्हणजे खाली जळलं तरी खाक आणि वर जळलं तरी खाक?"

"मॅडम म्हणाल्या, इंग्रजीत असं पुष्कळ आहे. डोक्याला त्रास करून घ्यायचा नाही, पाठ करायचं."

डोक्याला त्रास करून न घेणं हे कात्रीसाहेबांना जमण्यातलं नव्हतं. कात्रीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने त्यांना ओळखणारं आता पेन्शनचं कार्यालयच काय ते उरलं होतं. एका मोठ्या कचेरीत एकाच कामाला कुठे दोन माणसं बसली आहेत ते हुडकून त्यातलं एक पद रद्द करायचं, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. ती त्यांनी अशी मन लावून केली, की ते जिन्यावर दिसले की लोक हाताला येईल ती फाइल उघडून तीत तोंड खुपसत. एका खोलीला दोन दारं म्हणून दोन शिपाई होते. एक शिपाई काढायला संघटना तयार होईना, तेव्हा साहेबांनी एक दार भिंत घालून बुजवलं आणि मग शिपाई आपोआप जादा झाला. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी त्यांना एक भलीमोठी कात्री भेट दिली. देणाऱ्यांनी ती थट्टेने दिली होती. साहेबांनी ती गौरव समजून घेतली आणि बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात मांडली.

आता अशा माणसाच्या हातात काकूंचं इंग्रजीचं पुस्तक पडलं. काकू जेमतेम चौथ्या धड्यावर होत्या. साहेबांनी उभ्या उभ्या पुढचे सगळे धडे चाळले, आणि पान उलटेल तसतसा त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. अर्ज भरायचा, तर फिल इन, म्हणजे आत भरा, आणि फिल आउट, म्हणजे बाहेर भरा, अर्ज एकच. गाडी हळू करायची तर स्लो डाउन, आणि वाटलं तर स्लो अप. एखादी गोष्ट होण्याची आशा नाही, तर तिला स्लिम चान्स म्हणजे बारीक संधी म्हणावं. आणि मुळीच आशा नसेल तर फॅट चान्स, म्हणजे लठ्ठ संधी. बारीक असो की लठ्ठ, संधी नाहीच. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुस्तकात तेच होतं.

"एवढी मोठी भाषा," ते म्हणाले, "जगभर चालते. आणि इतक्या वर्षांत एकदाही कर्मचारी तपासणी झालेली नाही."

काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं, कारण इंग्रजी हा त्यांच्यासाठी हसण्याचा विषय नव्हता. लेक परदेशात होती आणि तिची मुलगी तिथेच वाढलेली. तिला आजी आणि हो याखेरीज आपल्या भाषेतलं काही येत नव्हतं. गेल्या सुट्टीत नात आली असताना एका दुपारी ती खिडकीशी बसून मुसमुसत होती. लेक बाहेर गेलेली, साहेब वाचनालयात. काकूंनी तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. काय होतंय, असं हजारदा विचारलं. पोरगी इंग्रजीत काहीतरी सांगत राहिली आणि काकू नुसत्या मान हलवत राहिल्या. लेक परत आल्यावर कळलं, कान ठणकत होता. कानात घालायचं औषध त्याच खोलीत कपाटावर होतं. त्या दुपारची आठवण झाली की काकू अजून हातातलं काम टाकून त्या कपाटाकडे बघत बसायच्या. यंदा नात एकटीच येणार होती, आईशिवाय. तिच्याशी मधे कुणी दुभाष्या न घेता बोलायचंच, असं काकूंनी मनाशी घट्ट ठरवलं होतं, आणि म्हणून रोज संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहातल्या इंग्रजीच्या वर्गाला त्या जात होत्या.

दुभाष्याचं काम साहेब करू शकले असते, असं कुणाला वाटेल. पण साहेबांचं इंग्रजी कचेरीतलं. ते नातीला जेवायला बोलवायचे, तेव्हा तिला आपल्यावर काहीतरी कारवाई होतेय असं वाटून ती आईच्या मागे लपायची.

"हे बघ," साहेबांनी पेन्सिलीला टोक काढत सांगितलं. "प्रत्येक जोडीतला एक ठेवू, एक कमी करू. तुझा निम्मा अभ्यास इथेच हलका होईल."

"आणि समोरच्याने कमी केलेला वापरला तर?"

"रद्द झालेलं पद कोण वापरतंय?"

आता खरं म्हणजे काकूंनी इथेच पुस्तक हिसकावून घ्यायला हवं होतं. पण पाठांतराने त्या थकल्या होत्या, आणि आयुष्यभर यांनी हेच काम केलंय तर यातलं यांना कळत असेल, असा भाबडा विचार त्यांच्या मनात आला. साहेबांनी डाउन ठेवला, अप काढला. इन ठेवला, आउट काढला. बारीक संधी ठेवली, लठ्ठ संधीवर काट मारली. लठ्ठ माणसं कचेरीत जास्त जागा अडवतात, एवढं एकच कारण त्यांनी दिलं.

समोरच्या दारात दाताचे डॉक्टर राहत. दवाखानाही त्यांच्या पुढच्याच खोलीत होता. साहेबांनी त्यांना ही योजना ऐकवली तेव्हा खुर्चीत एक रोगी आ वासून बसलेला होता.

"असं करू नका," डॉक्टर रोग्याच्या तोंडात बघत म्हणाले. "माझा अनुभव सांगतो. शेजारशेजारचे दोन दात एकच काम करतात असं वाटतं, म्हणून एक काढावा, तर दुसरा आपली जागा सोडून वाकडा होतो."

"दात आणि भाषा यांत फरक आहे."

"दोन्ही तोंडातच असतात की," डॉक्टर म्हणाले. रोग्याने घशातून दुजोरा दिला. साहेबांनी दोघांच्याही मताला फारशी किंमत दिली नाही, कारण डॉक्टरांना कपातीचं प्रशिक्षण नव्हतं आणि रोगी त्या वेळी निःपक्षपाती बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः वर्गावर गेले. वर्ग घेणाऱ्या मॅडम पूर्वी विमानतळावर सूचना वाचायच्या. त्यांनी नुसतं "बसा" म्हटलं तरी आपलं विमान सुटणार की काय असं वाटून माणूस पटकन बसे. वर्गात बहुतेक सगळे आजीआजोबाच, ज्यांची नातवंडं दुसऱ्या भाषेत वाढत होती. निम्मा अभ्यासक्रम कमी होतोय हे ऐकल्याबरोबर मागच्या बाकावर टाळ्या पडल्या. एका आजोबांनी तर क्रियापदंही थोडी कमी करता येतील का, अशी विचारणा केली.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी पुस्तकातलं कमी करीन," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या नातवंडांच्या तोंडातलं कसं कमी करणार?"

"त्यासाठी वरून मंजुरी आणावी लागेल," साहेब म्हणाले. मॅडमना वाटलं ते विनोद करताहेत. साहेबांनी नोकरीत असताना विनोद केल्याची कुठेच नोंद नाही.

मधल्या काळात कपातीची पहिली परीक्षा झाली. नातीचा फोन आला. काकूंनी पदराचा शेव मुठीत गच्च धरून, वाक्य मनात तीनतीनदा घोळवून तिला इंग्रजीत विचारलं, की तू आलीस की सकाळी लवकर उठून माझ्याबरोबर फिरायला येशील का. पोरगी खळखळून हसली आणि म्हणाली, "फॅट चान्स, आजी."

काकूंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. फॅट म्हणजे मोठा हे त्यांना ठाऊक होतं. मोठी संधी आहे म्हणाली, म्हणजे येणारच. तो धडा तर पेन्सिलीने खोडलेला. त्या त्याच पावली बाजारात गेल्या आणि लेकीला माप विचारून नातीसाठी फिरायला जायचे बूट घेऊन आल्या, जांभळ्या नाड्यांचे. वर्गात त्यांनी ते कौतुकाने दाखवले. मॅडमनी फॅट चान्सचा खरा अर्थ त्यांना बाजूला घेऊन, शक्य तितक्या हळू आवाजात सांगितला. विमानतळाची सवय असल्यामुळे तो सगळ्या सभागृहाला ऐकू गेला.

घरी येऊन काकूंनी बूट कपाटावर ठेवले. "तुम्ही काढून टाकलेलं माणूस माझ्या नातीकडे कामाला आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेबांना ते लागलं. पण आपली योजना चुकली असं त्यांना वाटलं नाही, अंमलबजावणी अर्धवट राहिली असं वाटलं. एका घरापुरती कपात करून भागणार नाही, ती मुळापासून व्हायला हवी. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते भाषेच्या कार्यालयात गेले.

पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी त्यांचं सगळं म्हणणं ऐकलं आणि इंग्रजी आमच्याकडे येत नाही असं सांगितलं. दुसऱ्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, इंग्रजी शिकवायची असेल तर वरच्या मजल्यावर जा, वाढवायची असेल तर मागच्या इमारतीत. कमी करायला आजवर कुणी आलेलं नाही. वरच्या मजल्यावर तीच पहिल्या खिडकीवरची बाई जेवणाच्या सुट्टीतल्या माणसाची जागा सांभाळत बसली होती. एकच माणूस दोन खिडक्या सांभाळतो हे बघून साहेबांना मनापासून बरं वाटलं. शेवटी त्यांना आतल्या केबिनीत एका अधिकाऱ्यासमोर बसवण्यात आलं. अधिकारी तरुण होता, नीटस होता आणि त्याच्या टेबलावर एकही जादा कागद नव्हता. निवृत्तीनंतर प्रथमच साहेबांना आपल्या जातकुळीचा माणूस भेटला.

अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. भाषेबद्दल तो काही बोलला नाही. त्याने विचारलं, "हा वर्ग भरतो कुठे?"

"आमच्या सोसायटीच्या सभागृहात."

"नोंदणी?"

दुसरा कुणी असता तर इथे खोकला असता, घड्याळ बघितलं असतं, उठला असता. पण अधिकृत प्रश्नाला पूर्ण आणि खरं उत्तर द्यायचं, हे साहेबांच्या हाडीमांसी खिळलेलं. "नाही," ते म्हणाले.

"आग विझवायची सोय?"

"वाळूची एक बादली आहे. सध्या तिच्यात झाड लावलेलं आहे."

"बाहेर पडायला दारं?"

"दोन होती," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला. "एक जादा होतं म्हणून मी सूचना करून बंद करून घेतलं."

अधिकाऱ्याने मान डोलावली, आभार मानले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आला. साहेब घरी येताना वाटेत स्वतःशीच हसत होते.

निरीक्षक आले, बघून गेले, आणि पाठोपाठ सभागृहाच्या उरलेल्या एकमेव दाराला कुलूप लागलं. कुलपावर नोटीस होती. साहेब ती वाचायला गेले आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या भाषेवर खूश झाले. एक शब्द जादा नव्हता. मग त्यांना नोटिशीचा अर्थ कळला.

"आम्ही इतकी वर्षं सभागृह चालवलं," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "कुणाला सुगावा लागला नाही. तुम्ही स्वतः जाऊन पत्ता देऊन आलात, साहेब. झाडाची बादलीसुद्धा सोडली नाहीत."

"त्यांनी विचारलं."

"विचारतातच हो ते. त्यांचं कामच आहे."

जिन्यात आजीआजोबा घोळक्याने उभे होते. कालपर्यंत टाळ्या वाजवणारे आता साहेब जवळ आले की छताकडे बघत होते. साहेबांनी कॉलर सरळ केली आणि वर गेले. घरात काकू पिशवी भरत होत्या.

"बहिणीकडे राहायला जातेय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "मॅडम तिच्याच गल्लीत राहतात. घरी शिकवीन म्हणाल्या. नात यायच्या आत मला बोलता यायला हवं. इथे राहिले तर तुम्ही उरलेलीही भाषा कमी कराल."

"अगं, माझा हेतू..."

"हेतू चांगलाच होता. तुमचे सगळे हेतू चांगलेच असतात, म्हणून तर कुणाला तुमच्यावर धड रागावताही येत नाही." त्यांनी पिशवीचा बंद ओढला, चपला घातल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "जाते."

दार लागलं.

साहेब तिथेच उभे राहिले. काहीतरी चुकल्यासारखं झालं होतं, आणि काय ते त्यांना लगेच उमजेना. मग उमजलं. लग्नाला इतकी वर्षं झाली. या बाईने भाजीला जाताना, माहेरी जाताना, दवाखान्यात बाळंतपणाला जाताना, प्रत्येक वेळी दारात "येते" म्हटलं होतं. अगदी भांडून निघाली तरी फणकाऱ्याने का होईना, "येते". आज ती जाते म्हणाली.

त्यांनी समोरचं दार ढकललं. डॉक्टर एका बाईंच्या दाढेत काहीतरी भरत होते.

"ती गेली."

"कुठे?"

"बहिणीकडे. ते ठीक आहे. पण निघताना 'जाते' म्हणाली."

डॉक्टरांचा हात थांबला. "जाते?"

"जाते."

"तुम्ही नीट ऐकलंत? 'येते'चं काहीतरी..."

"स्वच्छ ऐकलं."

खुर्चीतल्या बाईंनी तोंडातला कापूस हाताने बाजूला केला आणि साहेबांकडे बघून म्हणाल्या, "मग बसलात काय इथे?" साहेब बसलेले नव्हते, उभे होते, पण त्यांनी खुलासा केला नाही.

त्या संध्याकाळी रिकाम्या घरात बसून त्यांनी काचेच्या कपाटातल्या कात्रीकडे बराच वेळ पाहिलं. येते आणि जाते. दोन्हीचं काम एकच, दाराबाहेर पडणं. त्यांच्या नियमाने बघायचं तर एक शब्द सरळसरळ जादा. आणि इतकी वर्षं घरात तो जादा शब्दच तेवढा वापरात होता, खरं सांगणारा नव्हे. ते आजवर त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना भीती वाटली. साधी, सरळ भीती.

पण भीती वाटली की गुडघ्यात मान घालून बसणाऱ्यांतले ते नव्हते. सकाळी ते सेक्रेटरींकडे गेले. "सभागृह उघडेल का?"

"उघडेल, पण दुसरं दार फोडावं लागेल, आणि ते दार फोडायला ज्याची मंजुरी लागते तो तुमचाच अधिकारी." सेक्रेटरींनी डोकं खाजवलं. "मात्र कुणाच्या घरी पाहुणे आले तर त्याला कसली नोंदणी लागत नाही. रोज आले तरी."

साहेबांनी उत्तर ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पळवाटेचं कौतुक केलं. डॉक्टरांकडून रोग्यांच्या प्रतीक्षेच्या खुर्च्या आल्या. काचेचं कपाट भिंतीवरून हलवून मागच्या खोलीत गेलं, कारण तिथे फळा लावायचा होता. मग साहेब प्रत्येक आजीआजोबांच्या दारात जाऊन, संध्याकाळी आमच्याकडे पाहुणे म्हणून या, असं सांगून आले. काहींनी दार उघडलं नाही. त्यांना दाराबाहेरून सांगितलं. पाहुणे म्हटल्यावर चहा करावा लागणार हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी एकच अट घातली: घरमालकाने मागच्या बाकावर विद्यार्थी म्हणून बसायचं आणि कुठलाही शब्द रद्द करायचा नाही.

"मान्य," साहेब म्हणाले. ते उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं हे मॅडमनी पुढे पुष्कळांना करून दाखवलं.

घरी पहिला वर्ग झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मेहुणीच्या घरी गेले. मेहुणीने दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागे वळून हाक मारली, "ताई, कात्री आली आहे." काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात पुस्तक होतं.

"वर्ग आपल्या घरी भरतोय," साहेब म्हणाले. "मॅडम येताहेत, सगळे येताहेत. चहा मी करतोय. काल दोघांनी प्यायला."

"बाकीच्यांनी?"

"कुंडीत ओतला, बहुतेक."

काकूंच्या ओठाचा कोपरा हलला.

"तू 'जाते' म्हणालीस."

"म्हणाले."

"कधी म्हणाली नव्हतीस."

"तुम्हीच सांगितलंत ना, एका कामाला दोन शब्द नकोत. मग मीही एक कमी केला."

मेहुणी आतून कान देऊन ऐकत होती हे दोघांनाही कळत होतं. "चुकीचा कमी केलास," साहेब म्हणाले. "त्या दोघांचं काम एक नाही. मला दिसायला एक दिसलं होतं."

"आणि घर वर जळतं आणि खाली जळतं ते?"

"त्यांच्यातही काही फरक असेल. नसेलही. त्यांचं घर आहे, त्यांना हवं तसं जाळू देत. मी तिथे कात्री घेऊन जाणार नाही." मग त्यांनी घसा खाकरला. "पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवली आहे. ते पद रद्द करायचा अधिकार मला कधीच नव्हता."

काकू आत गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. बहिणीला दारातून म्हणाल्या, "येते गं." साहेबांनी तो शब्द ऐकला आणि पिशवी त्यांच्या हातातून घेतली.

पुढचे दिवस घराचं स्टेशन झालं. दारात चपलांचा ढीग, फळ्यावर वर जळणारी आणि खाली जळणारी घरं, आणि मागच्या रांगेत साहेब, ज्यांना मॅडम मुद्दाम सगळ्यात अवघड प्रश्न विचारायच्या. अलार्म वाजला की तो ऑफ जातो हे ऐकून त्यांचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. पुढच्या रांगेतून काकूंनी नुसतं वळून बघितलं. हात परत मांडीवर आला. चहा मात्र हळूहळू पिण्यालायक झाला.

मग नात आली. पहिले दोन दिवस सगळं ठीक होतं, आणि मग एका दुपारी साहेब स्वयंपाकघरात चहा गाळत असताना त्यांना बाहेरून मुसमुसण्याचा आवाज आला. तीच खिडकी. त्यांनी गाळणं खाली ठेवलं. आता दुभाष्याची गरज लागणार. ते दारापर्यंत आले आणि थांबले.

काकू नातीच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. "इज इट युअर इअर?" त्यांनी विचारलं. त्या एका वाक्यासाठी त्यांनी इतके दिवस जीव टाकला होता.

पोरीने मान हलवून नाही म्हटलं आणि मग हुंदके देत देत भराभर बोलू लागली. साहेबांना दारातून सगळं कळत होतं: तिला आईची आठवण येत होती, आणि ती तीन वाक्यांत एक सांगत होती आणि चौथ्यात उलट. काकूंना सगळं कळलं का, कुणास ठाऊक. पण त्या मधे मधे योग्य जागी योग्य तेवढं विचारत होत्या, अप आणि डाउन जे तोंडात येईल ते बिनधास्त वापरत होत्या, आणि पोरगी उत्तर देत होती. हळूहळू रडणं थांबलं. मग काकू उठल्या, कपाटावरून जांभळ्या नाड्यांचे बूट काढले आणि फिरायला यायचं का म्हणून विचारलं.

"फॅट चान्स," नात डोळे पुसत म्हणाली, आणि बूट घालायला लागली.

साहेब स्वयंपाकघरात परतले. या घरात आजीनातीमधला दुभाष्या हे एक पद होतं, आणि ते आत्ता, त्यांच्या डोळ्यांदेखत, कायमचं जादा झालं होतं. त्यावर बसलेला माणूस ते स्वतः होते. आयुष्यभरात इतकी पदं गेली, पण एखादं गेल्याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. गाळायचा राहिलेला चहा मुरून पार कडू झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

सुट्टीभर दोघी फिरायला गेल्या. निघताना काकू रोज दारातून "येते" म्हणायच्या. एकदा नातीने वाटेत त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि मग विचारलं, की आजी, तू तर जातेस, मग येते का म्हणतेस, हे तर उलटं आहे. काकूंनी आपल्या इंग्रजीत तिला काय सांगितलं कोण जाणे. पण घरी आल्यावर पोरीने आजोबांकडेही खुलासा मागितला. तिचा मुद्दा साफ होता. एकच अर्थ असेल तर दोन शब्द कशाला, त्यातला एक काढून टाकावा.

काकू पदराआड हसल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "कात्री कुणाकडे गेली ती."

साहेबांनी नातीला समजावायला तोंड उघडलं, त्यांच्या कचेरीतल्या इंग्रजीत सुरुवातही केली, आणि मधेच सोडून दिलं. "तू मोठी झालीस की आपण बोलू," ते आपल्या भाषेत म्हणाले. तिला ते कळलं नाही, पण तिने हो म्हटलं.

जाण्याच्या दिवशी तिला न्यायला आलेली लेक खाली टॅक्सीपाशी सामान ठेवत होती. नात दारात उभी राहिली, पायात तेच बूट. तिने आजीकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली. कुठला शब्द कधी, याचा हिशेब तिच्या डोक्यात नीट बसत नव्हता. काकूंचे डोळे भरून आले होते आणि त्यांना एकाही भाषेत बोलवत नव्हतं.

"जाते," नात म्हणाली. आजीचा चेहरा बघून ती गडबडली आणि घाईने म्हणाली, "येते." मग कुठलं बरोबर होतं ते न समजून, काहीच राहून जायला नको म्हणून, तिने दोन्ही पुन्हा एकदा म्हणून टाकले. "जाते. येते."

एकाच कामाला दोन शब्द, आणि तेही दोनदोनदा. कात्रीसाहेबांनी त्यातला एकही कमी केला नाही. ते खाली टॅक्सीपर्यंत गेले आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे राहिले.